सुट्टीचा शुक्रवार, सातचा सामना

गुरुवार, १६ ऑक्टोबर, रात्री

उद्या शाळेला सुट्टी आणि संध्याकाळी सातला सामना. पहिलं नऊ आठवड्यांचं सत्र संपलं, शिक्षकांना गुण भरायला एक दिवस मोकळा लागतो, म्हणून मुलांना सुट्टी. हंगामाचं वेळापत्रक हातात आलं तेव्हाच मी या तारखेभोवती लाल गोल काढला होता. समोर कोणती शाळा आहे ते नंतर बघितलं.

सॅन अँटोनियोच्या बाहेरचं आमचं हे सरकारी हायस्कूल. फुटबॉल म्हणजे अर्थात हेल्मेट आणि पॅड घालून खेळायचा तो. मी कोच नाही, अॅथलेटिक ट्रेनर आहे. पुण्यात फिजिओथेरपी केली, इथे येऊन पुन्हा शिकले आणि टेक्सासचा परवाना काढला. या राज्याने हा परवाना १९७१ सालीच सुरू केला, देशात सगळ्यांच्या आधी, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. मुलांचे घोटे बांधायचे, डोक्याला मार लागलेल्याला खेळातून बाहेर काढायचं, उन्हात कुणी कोसळणार नाही हे बघायचं, हे माझं काम. त्यामुळे मला मुलं दिसतात ती पायांवरून. आणि सुट्टीच्या शुक्रवारी पाय वेगळे असतात, हे मी दर हंगामात बघत आले आहे.

एरवीचा शुक्रवार कसा जातो ते लिहून ठेवते. मुलं संघाची जर्सी घालूनच शाळेत येतात. कॅफेटेरियात नाश्ता. खेळाचा तास इथे शाळेच्या वेळापत्रकातच असतो, त्या तासाला हेल्मेट घालून हळूहळू सगळ्या चाली, म्हणजे ठरवलेले डाव, एकदा चालून बघायच्या. मग जेवण, मग बीजगणित, मग शेवटच्या तासाला पेप रॅली, म्हणजे संघाला जोश द्यायची सभा, बँड, आरडाओरडा. तिथून थेट माझ्या खोलीत, टेपिंगसाठी, म्हणजे घोटे बांधायला, रांग. यातलं काहीही मुलगा स्वतः ठरवत नाही. घंटा वाजते आणि तो पुढच्या खोलीत जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसभर काळजीचा गोळा असतो. त्या दिवशी त्याला काही ठरवावं लागत नाही, हा केवढा आधार आहे!

सुट्टीच्या दिवशी घंटाच नाही. आदल्या रात्री दोनपर्यंत गेम, दुपारी बाराला उठणं, तीनला भूक लागली की तळलेलं काहीतरी, वर एक एनर्जी ड्रिंक. किंवा याच्या उलट: सकाळी दहाला पार्कात बास्केटबॉल खेळायला जायचं आणि उन्हात दोन तास उड्या मारून यायचं. संध्याकाळी पाचला आला की चेहरा ताजा, पाय मेलेले.

झोपण्याबद्दल माझी तक्रार नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागतेच, आणि शाळेच्या दिवसांत ती यांना कधीच मिळत नाही. सकाळी जास्त झोपू दे. पण बाराला उठणाऱ्याचं सकाळचं खाणं जातं, दुपारचं लांबतं, पाण्याची बाटली शाळेच्या दप्तरात असते आणि दप्तर कोपऱ्यात पडलेलं असतं. म्हणजे सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये पोटरीत येणारा गोळा दुपारी बारालाच तयार होऊन बसलेला असतो.

मागच्या हंगामात मुलांना सरळ पाचला बोलावलं होतं. या वेळी मागच्या आठवड्यात बैठक झाली तेव्हा एक सहायक कोच म्हणाले, सकाळी आठला बोलावून घेऊ, डोळ्यांसमोर राहतील, थोडी वजनंही उचलून होतील. मी विरोध केला. आठला आलेला मुलगा सात वाजेपर्यंत अकरा तास पायांवर राहील. त्याला आपण शिस्त म्हणू, पण त्याच्या मांड्यांना ती मजुरीच. शिवाय या मुलांना सुट्टी मिळते तरी किती? दहापर्यंतची सकाळ त्यांची. त्यात आपण हात घालायचा नाही. मुख्य कोचनी बराच वेळ कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "साडेदहा." तेच ठरलं.

शुक्रवार, दुपारी दीड

माझ्या खोलीत बसून लिहितेय. शेजारच्या कुस्तीच्या हॉलमध्ये मॅटवर अर्धा संघ आडवा झालाय. दिवे बंद आहेत, पण कुजबुज चालू आहे. उरलेले लायब्ररीत.

नऊला सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप गेला: जर्सी घालून या, पाण्याची बाटली भरून आणा. जर्सीचा आग्रह माझा होता. शाळा बंद, बघायला कुणी नाही, मग कशाला, असं काहींना वाटलं. पण शुक्रवारी सकाळी ती अंगावर चढली की आज काय आहे हे अंगाला कळतं.

साडेदहाला अंडं-बटाट्याचे टाको. सॅन अँटोनियोत सकाळचं खाणं म्हणजे हेच, आणि संघाच्या आयांनी ते फॉइलमध्ये गुंडाळून, कूलरच्या बंद पेटीत गरम ठेवून आणले होते. मी दारात उभं राहून कोण किती खातोय ते बघत होते. आमच्या लाइनमधला, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड मुलांपैकी एक मुलगा पाच खाऊन सहाव्याला हात घालत होता. त्याच्याकडे बघून मला जे वाटलं ते इथे नीट लिहायला हवं, कारण बैठकीत ते कुणी बोलत नाही.

इथल्या सरकारी शाळांत दुपारचं जेवण १९४६ पासून केंद्राच्या योजनेतून मिळतं, नाश्त्याची योजना नंतर आली. आमच्याकडे कितीतरी मुलांचं दिवसातलं भरवशाचं खाणं तेवढंच. शाळा बंद म्हणजे कॅफेटेरिया बंद. कोच 'रूटीन' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात चाली असतात, सामन्यांच्या चित्रीकरणाची फिल्म असते, एकाग्रता असते. त्या रूटीनमधलं सगळ्यात मोठं काम स्वयंपाकघर करत असतं, आणि ते नेमकं सामन्याच्या दिवशी कुलूपबंद असतं. दोनशे चाळीस पौंडांचा मुलगा सकाळपासून चिप्सच्या पाकिटावर असेल, तर त्याला कितीही फिल्म दाखवा. म्हणून मी म्हणते, सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक आधी जेवणांवर बांधा. साडेदहा, मग एकच्या सुमाराला केळी आणि सँडविच, मग तीनला सामन्याआधीचं जेवण. चाली त्यांच्या मधे बसवा.

सव्वाअकराला जिममध्ये चाली चालून बघितल्या, पाऊण तास, हेल्मेट घालून, एकही धाव नाही. बाहेर नेऊ नका म्हणून मी हट्ट धरला होता. ऑक्टोबर अर्धा सरला तरी इथे दुपारचं ऊन पुरतं सुकवून काढतं. बारानंतर फिल्म. मग एक ते तीन शांत वेळ.

या दोन तासांची लायब्ररी कोचनी का उघडली हे बाहेरच्याला कळणार नाही. टेक्सासमध्ये १९८४ पासून नियम आहे: सत्राअखेर एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गेलात की खेळ बंद. सत्र संपल्यावर सात दिवसांनी तो लागू होतो. म्हणजे आजचा सामना सगळे खेळणार, पुढच्या शुक्रवारी कोण बाहेर बसेल ते आज इमारतीच्या दुसऱ्या टोकाला शिक्षक ठरवतायत. मुलांना हे माहीत आहे. सकाळपासून दोघं-तिघं फोनवर गुणांचं पान उघडून परत परत बघत होते. आता फोन पिशवीत आहेत, ज्याला घरी बोलायचं असेल त्याने मागून घ्यावा. संघातल्याच एका सीनिअरने फळ्यावर समीकरणं मांडलीत आणि चौघं त्याच्यासमोर बसलेत. पुढच्या सत्राचं गणित आहे, आजच्या गुणांना त्याचा उपयोग शून्य. पण हात कामाला लागले की काळजी थोडी बाजूला सरकते.

आज दोन अडचणी आल्या, आणि दोन्ही सुट्टीमुळेच.

लाइनमध्येच गार्ड म्हणून खेळणाऱ्या एका मुलाने कालच सांगितलं होतं की तो तीनशिवाय येऊ शकत नाही. धाकट्या दोन बहिणींची प्राथमिक शाळाही बंद, आई कामावर. कोचनी एका क्षणात सांगितलं, "घेऊन ये त्यांना." त्या आत्ता माझ्या टेबलाच्या पलीकडे बसून पाण्याच्या बाटल्यांवर खेळाडूंचे नंबर लिहितायत, मोठ्या मन लावून. धाकटीने ५ उलटा काढलाय. तो तसाच ठेवणार आहे. हे एक वाक्य कोचनी कालच सगळ्यांना का पाठवलं नाही, असं मात्र मनात आलं, कारण दर सुट्टीला अशी दोन-चार घरं असणार आणि प्रत्येक मुलगा तोंड उघडून सांगत नाही.

दुसरा आमचा राखीव टॅकल, तोही लाइनमधलाच, आज सुरुवातीपासून खेळणार आहे. तो टायरच्या दुकानात काम करतो. शाळा नाही म्हटल्यावर मालकाने सकाळी सातची पाळी लावली. घरात त्या पैशांची गरज आहे, त्यामुळे नको म्हणणं त्याच्या हातात नव्हतं. पावणेबाराला आला, हात ग्रीसने काळे, पाच तास काँक्रीटवर उभा राहिलेला. त्याचे टाको आयांनी बाजूला ठेवले होते. मी त्याला मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं, पोटऱ्या मोकळ्या केल्या आणि पाय भिंतीवर उंच टेकवून झोपवलं.

मघाशी त्याने विचारलं, "मिस, पिकल ज्यूस आहे ना?" लोणच्याच्या काकडीचं ते खारं, आंबट पाणी. त्याची महती इथे प्रत्येक मुलाला पाठ असते. ३ सप्टेंबर २००० ला डॅलसजवळ १०९ अंश फॅरनहाइटमध्ये फिलाडेल्फिया ईगल्स हा व्यावसायिक संघ ते पिऊन डॅलसच्या काउबॉइजविरुद्ध ४१-१४ जिंकले होते, हे त्याच्या जन्माआधीचं त्याला तोंडपाठ आहे. आहे, माझ्याकडे दोन बरण्या आहेत. गोळा आल्यावर कधीकधी गुणही येतो. पण सकाळी न खाल्लेलं अन्न आणि न प्यायलेलं पाणी बरणीत भरून ठेवता येत नाही, एवढं मी त्याला सांगितलं. तो झोपलाय बहुतेक.

आईचा सकाळी फोन येऊन गेला. आज वसुबारस. शनिवारी सविस्तर बोलू म्हटलं. पावणेतीनला दिवे लावायचेत, मग सगळे चालत पलीकडच्या चर्चच्या हॉलमध्ये जेवायला: भाजलेलं चिकन, भात, पास्ता, ब्रेड, तळलेलं काही नाही. चारला टेपिंग, एरवीच्याच क्रमाने. आधी लाइनवाले, शेवटी किकर. क्रम बदललेला त्यांना चालत नाही, आणि मलाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

हरलो. शेवटच्या मिनिटातल्या फील्ड गोलने, म्हणजे खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणाऱ्या तीन गुणांनी, गेला सामना. ड्रेसिंग रूममध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

तरी मी माझ्या वहीत जे लिहिलं ते असं: पूर्वार्धात एकही गोळा नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्येही नाही. चौथ्यात एकच, टायरच्या दुकानातल्या मुलाला, दोन्ही पोटऱ्यांत. त्याला बाहेर आणून ताणलं, पिकल ज्यूसही दिलं, चार चाली बसवला आणि तो परत गेला. बाकीच्यांचे पाय शेवटपर्यंत शाबूत होते. मागच्या वर्षी पाचला बोलावलं तेव्हा उत्तरार्धात माझं टेबल रिकामं राहिलं नव्हतं. एका रात्रीवरून सिद्धांत मांडायचा नाही. हवा गार होती, समोरचा संघही वेगळा होता. पण पुढच्या सुट्टीला असाच दिवस बांधा असं मी कोचना जिंकलो असतो तरी सांगितलं असतं आणि हरल्यावरही सांगणार आहे.

एका वडिलांनी सामन्यानंतर पार्किंगमध्ये मला थांबवून विचारलं, सुट्टीचा सबंध दिवस पोरांना अडकवून काय मिळवलंत? प्रश्न रागाने विचारला, पण रास्त आहे. मी त्यांना सांगितलं की सकाळ त्यांचीच होती, आणि दुपारचे दोन तास त्यांचा मुलगा गाढ झोपला होता. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, घरी तो झोपत नाही. आणखी काही बोलणं झालं नाही.

टायरच्या दुकानाच्या मालकाशी बोलायला हवं. पाळी रद्द करा असं म्हणायचं नाही, मुलाचे पैसे बुडतील. सामन्याचा शुक्रवार सोडून तेच तास शनिवारी किंवा रविवारी द्या, एवढंच. कोचनी जावं, त्यांचा शब्द या गावात चालतो.

आणि नोव्हेंबरचा विचार आत्तापासून. प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांची, तिसरी फेरी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या इथल्या मोठ्या सणाच्या, आठवड्यात येते. तिथवर पोचलेल्या संघाने थँक्सगिव्हिंगच्या सकाळी सराव करणं हा टेक्सासमध्ये मोठा मान समजतात, आणि मुलं ऑगस्टपासून त्याबद्दल बोलतायत. पोचलो तर एक दिवस नाही, अख्खा आठवडा शाळा बंद. पाच दिवस कॅफेटेरिया नाही, बसचं वेळापत्रक नाही, निम्मी घरं आजी-आजोबांकडे गेलेली. चर्चचा हॉल त्या आठवड्यात त्यांच्याच कामाला लागतो. शाळेत पाककलेच्या वर्गाचं स्वयंपाकघर आहे, त्याची किल्ली कुणाकडे असते ते सोमवारी ऑफिसात विचारायचं. भावंडांना घेऊन या, हे वाक्य या वेळी पहिल्याच निरोपात हवं. आणि प्रत्येक मुलाला एकेकट्याला बाजूला घेऊन विचारायचं की त्या आठवड्यात घरी जेवायला काय असणार आहे. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणीच खरं सांगणार नाही.