बसून पोळ्या

"बसून पोळ्या? मजा आहे बाई तुझी!" शेजारच्या काकू हसत म्हणाल्या. वहिनीचं लाटणं क्षणभर थांबलं.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. रोजची कामं जमतील अशी करून देणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं ओट्यापाशी उंच स्टूल ठेवायला लावलं, लाटण्याच्या टोकांना जाड फोम गुंडाळला आणि बजावलं: स्वयंपाक ऊन चढायच्या आत उरकायचा. अंग तापलं की या आजारात नजर धूसर होते, पाय जड होतात. इंदूरचा मे, वर गॅस!

बसून वाचवलेली ताकद संध्याकाळी लेकीच्या अभ्यासाला लागते. हे काकूंना कोण सांगणार?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नावानिशी आहे. आमच्या रामबागेत मात्र हातात काठी दिसल्याशिवाय कुणाला पटत नाही. तुमच्याकडे पटतं?