चवथीआधीची गर्दी

आज म्हापशातल्या माझ्या पार्लरमध्ये केस काढायच्या वॅक्सचे दोन हीटर चालू होते. एकात लायकॉन, ऑस्ट्रेलियाचं हार्ड वॅक्स, म्हणजे पट्टीशिवाय निघणारं. दुसऱ्यात स्वस्तातलं एक हार्ड वॅक्स, नाव घेत नाही. गणेश चवथ तोंडावर, बाहेर धो धो पाऊस, हवा इतकी दमट की पुसून पुसून काख ओलीच. शेजारच्या काकूंच्या एका काखेला लावलेलं स्वस्तातलं ओढताना काचेसारखं तुटलं, अर्धं कातडीवरच राहिलं. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फार वाईट वाटलं मला. दुसऱ्या काखेला आधी तेलाचा पातळ हात दिला, मग लायकॉन. गार होऊनही ते लवचिक राहिलं, पट्टी न लावता एका झटक्यात निघालं. हातापायांना रिकाचं पट्टीने काढायचं वॅक्स पुरतं. काखेला, ओठांवर मात्र हार्ड वॅक्सच हवं. महाग पडलं तरी चालेल. काकूंना कोरफड लावून पाठवलं, पैसे घेतले नाहीत.