घरी कोण कोण आहे?

प्राथमिक शाळेच्या मुलाखतीच्या दिवशी सगळ्यात शहाण्यासारखे वागतात ते आईबाप. एरवी रांगेत घुसणारे लोकही "आधी तुम्ही जा ना" म्हणतात. फोन मुके होतात. आपल्यापेक्षा कुणाची फाइल जाड आहे, हे तिरक्या नजरेनं पाहून घेतलं जातं. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, फोटो हे ठीक. एका गृहस्थांनी मुलाची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून आणली होती. कसली ते विचारायचा धीर झाला नाही. शेजारची आई मुलाच्या कानाशी शेवटची उजळणी घेत होती, "त्रिकोणाला बाजू किती?" मुलगा खिडकीतल्या कबुतराकडे बघत होता. बाजू तीन की तेरा, त्याला काही पडलेली नव्हती.

उजळणी आमच्याकडेही झाली होती, खोटं कशाला बोला! रंग, आकार, प्राणी, स्वतःचं पूर्ण नाव.

आत मुलांच्याच बुटक्या खुर्च्या होत्या, आम्हालाही त्याच. गुडघे हनुवटीपाशी आले की माणसाचा रुबाब आपोआप उतरतो. मॅडमनी मांजराचं चित्र दाखवून झालं, मग कागदावर दोन रेघा ओढून "मोठी कुठली?" म्हणून विचारलं. लेकीनं बरोबर बोट ठेवलं. हा रेघांचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धीची पहिली चाचणी केली, त्यातही तो होता. वर्गात कुठल्या मुलांना जास्त मदत लागेल हे कळावं, म्हणून ती चाचणी. आता तीच रेघ शाळेच्या दाराशी ओढतात, आणि जास्त मदत लागेल असं मूल दाराबाहेर राहायची शक्यताच अधिक. बिने १९११ साली गेला. हे बघायला उरला नाही, ते बरंच.

"घरी कोण कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता कुणीच नाही. आम्ही सगळे इथे आलोय ना!"

उजळणीतलं उत्तर 'आई, बाबा आणि मी' असं होतं. मॅडम हसल्या. "तसं नाही गं बाळा. घरी कोण कोण असतं?" लेकीनं बराच विचार केला. "पाल असेल."

कागदावर काहीतरी लिहिलं गेलं. मी ते उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

बिनेच्या पश्चात त्याच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत झाँ पियाजे नावाचा तरुण मुलांकडून असल्याच चाचण्या सोडवून घेत असे. बरोबर उत्तरं किती हे मोजता मोजता त्याला भलतंच कुतूहल वाटू लागलं : मुलं चुकतात ती अशीच का चुकतात? मुलांच्या विचाराबद्दलचं त्याचं पुढचं सगळं काम या प्रश्नातून उभं राहिलं. मॅडमना एवढी सवड कुठली? बाहेर रांग होती, आणि त्यांच्या कागदावर पालीसाठी रकाना नसणार. तशा त्या प्रेमळ होत्या. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मुलीला रोज किती वेळ देता?" आम्ही दोघांनी एकाच दमात दोन वेगळे आकडे सांगितले.

जिना उतरताना लेकीनं विचारलं, "त्यांना मांजर माहीत नव्हती?"

"माहीत होती की."

"मग मला का विचारलं?"

याला धड उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

निकाल लागायचाय. तोवर घरात रोज मुलाखती चालतात. ती कागद-पेन्सिल घेऊन बसते आणि आम्हाला एकेकाला आत बोलावते. काल माझी पाळी होती. तिनं चमचा उचलून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "चमचा." तिनं बराच वेळ कागदावर काहीतरी गिरगटलं, मान हलवली आणि म्हणाली, "ठीक आहे. आम्ही कळवू."