बुरुजावरचं आग्यामोहोळ

19 ते 25 नोव्हेंबर हा वारसा सप्ताह. या दिवसांत सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात शाळांच्या सहलींची रीघ लागते. आम्ही स्वयंसेवक दारातच चाळीस मुलांचे दोन गट करतो. प्रत्येक गटात एक जण पुढे बोलणारा, एक मागे मोजणारा. मागच्याने इतिहासात तोंड घालायचं नाही, डोकी मोजायची.

बहमनी काळातला किल्ला, दुहेरी तट, शेजारी सिद्धेश्वर तलाव, 1818 च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती थॉमस मन्रोच्या फौजेने घेतलेला ताबा, एवढं सावलीत उरकायचं. मुलांना खरी गोडी तटात बसवलेल्या देवळांच्या कोरीव दगडांची. ते शोधताना माना वर जातात, आणि त्या दिवशी एका पोराला नक्षीऐवजी आग्यामोहोळ दिसलं.

बुरुजाच्या पुढे आलेल्या कड्याखाली एकच उघडं पोळं लोंबत होतं, हातभर लांब. पोळ्याचं मेण दिसतच नव्हतं, वर नुसत्या माश्यांचे थर. बघता बघता त्या थरावरून चमकती लाट सरकली, मग दुसरी. माश्या एकीपाठोपाठ एक पोट वर उचलतात, त्याची ती लाट. गांधीलमाशीला पळवायला ही युक्ती असते. पण माणसं खाली उभी असताना लाटा सुटल्या तर तिथून हलायचं. आम्ही "चला, मागं फिरा" म्हणेपर्यंत "ए, बघ बे!" झालं आणि कुणीतरी खडा भिरकावला.

पहिला डंख बसला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या मागावर बाकीच्या येतात. म्हणून माशी चिरडायची नाही, हात झाडायचे नाहीत. दप्तर किंवा ओढणी तोंडावर घेऊन, उघड्यावर न थांबता सरळ पळायचं. अंधाऱ्या कमानीत नाहीतर काचा लावलेल्या बसमध्ये. पाण्यात उडी मारण्याची कल्पना सगळ्यांनाच सुचते, पण माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि डोकं बाहेर निघालं की डसतात. धूर करायला कुणी कागद पेटवू लागला तर त्याला आधी आवरा.

मागच्या माणसाने शिट्टी मारून गट कमानीत घेतला. मोजणी केली, एकोणीस. विसावा पोरगा पाणपोईच्या आडोशाला बसला होता, त्याला सर डोक्यावरून शर्ट टाकून घेऊन आले.

नांगी काढताना चिमटा शोधत बसू नये. नखाने खरवडा, ओढा, कसंही, पण लगेच. ती तुटल्यावरही विष आत सोडत राहते. मग साबण-पाणी, थंड पट्टी. चुना-हळद नको. ओठ सुजणे, अंगभर गांध्या, धाप, उलटी यांपैकी काहीही दिसलं की थेट 108. मुलाला दहा-बाराहून जास्त डंख असतील तर लक्षणं नसली तरी दवाखान्यात न्यायचं, हा आमचा नियम. त्या दिवशी दोघांना नेलं. संध्याकाळी घरी सोडलं.

डिवचलेलं मोहोळ काही तास शांत होत नाही. दुसऱ्या गटाला बुरुजाकडे नेलंच नाही, बत्तीस खांबी वास्तूपाशी बसवलं. मोहोळ जाळून टाका, अशी मागणी लगेच आली. संरक्षित वास्तूच्या तटाशी आग लावायची नसते, आणि हंगाम सरला की या माश्या आपणहून निघून जातात. तोवर बुरुजाअलीकडे दोरी बांधली आहे आणि दगडांची शोधाशोध पलीकडच्या तटावर हलवली आहे.