चोवीस अंश

मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असं त्यात होतं. चार दिवस लिहायला बसतोय आणि दर वेळी कागदावर सरच येतात. बाकीचे शिक्षक, स्नेहसंमेलनं, कबड्डीची ढाल, सगळं आठवतं. पण त्यावर इतर कुणी लिहीलच. मी ओळंबा सरांवर लिहितो.

नंतरच्या तुकड्यांना त्यांचं आडनावच ओळंबे वाटायचं. हे नाव पडलं ते आमच्या नववीत, 1972 साली, आणि त्याला कारण मी.

दुष्काळाचं साल. अर्ध्या वर्गाचे आईवडील खडी फोडायला जात. आभाळात ढगांपेक्षा ओझरच्या कारखान्यातली मिग लढाऊ विमानंच जास्त दिसत. कारखान्यातून नवं विमान बाहेर पडलं की चाचणीसाठी आपल्या गावावरून जायचं, खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि मी खिडकीकडे वळायचो. आधीच्या डिसेंबरातल्या युद्धानं आणि ब्लॅकआऊटनं डोक्यात विमानाशिवाय काही उरलंच नव्हतं. एकदा सरांनी पकडलं. मारलं नाही. म्हणाले, “विमान बघायचंय ना? मग उद्यापासून तू बघायचंच नाहीस.”

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग मैदानात. फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक, त्याच्या मधल्या भोकात ओवलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला ओळंबा म्हणून प्रयोगशाळेचं पितळी कुलूप. मी डोळे मिटून उभं राहायचं आणि आवाज नेमका डोक्यावर आला की “आला!” म्हणून ओरडायचं. त्या क्षणी दुसऱ्या मुलानं कोनमापकाची कड विमानावर धरायची आणि सरांनी दोरा वाचायचा.

पहिल्या दिवशी मी लबाडी केली. डोळे किलकिले ठेवले आणि विमान डोक्यावर दिसताच ओरडलो. सरांनी दोरा पाहिला. “शून्य अंश. म्हणजे विमान आभाळात उभं आहे म्हणतोस?” वर्ग हसला. सरांनी स्वतःचा रुमाल काढून माझे डोळे बांधले. त्या रुमालाला तपकिरीचा वास होता.

विमान बरोबर डोक्यावरून जायला हवं, म्हणून चार दिवस गेले. चौथ्या दिवशी दोरा चोवीस अंशांवर थांबला. मग फळ्यावर आकृती. आवाज आणि विमान एकाच जागेवरून निघतात, एक खाली येतो, दुसरं पुढे जातं. आवाज आपल्यापर्यंत पोचेतो विमान जितकं पुढे सरकलं, तो हा कोन. उंची कितीही असो, या कोनाचा टॅन म्हणजे विमानाचा वेग भागिले आवाजाचा वेग. टॅन आम्हाला अजून शिकवायचा होता. सरांनी कोष्टकाचं पुस्तक उघडून आकडा दाखवला आणि सेकंदाला 340 मीटरनं गुणायला लावलं. ताशी साधारण 545 किलोमीटर! कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाच्या काकांनी “बरोबर असेल” म्हटलं, तेव्हा आम्हाला आपणच ते विमान बनवल्यासारखं वाटलं.

“कान खोटं बोलत नाही रे, उशिरा बोलतो एवढंच,” हे सरांचं वाक्य त्या दिवसाचं.

पुढचं थोडक्यात सांगतो. जुन्या अकरावीनंतर खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मग दुंडिगलची हवाई दल अकादमी. मी एनडीएत असताना, 1976 मध्ये, हृषीकेश मुळगावकर हवाई दलप्रमुख झाले. सरांचं पोस्टकार्ड आलं: “मराठी माणूस प्रमुख झाला. तुझ्या गणिताचं काय?” गणित ठीक होतं, पण मिग काही नशिबात नव्हतं. मला हेलिकॉप्टर मिळालं. हकीमपेटच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षणातून सुट्टीवर आलो तेव्हा तोंड पाडून हे सरांना सांगितलं. त्यांनी वेग विचारला. ताशी दीडशे म्हटल्यावर एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडेमोड केली आणि खूश होऊन म्हणाले, “अरे, तुझा कोन फक्त सात अंशांचा!” तेव्हापासून त्यांच्या पत्रांचा मायना ‘चि. सात अंश’ असा.

या सात अंशांवर मी तेहतीस वर्षं नोकरी केली. सियाचिनला 1984 च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत ही लष्करी मोहीम सुरू झाली. माझी पाळी त्यानंतर तीन वर्षांनी आली. वीस हजार फुटांवर हवा मैदानातल्या हवेच्या जेमतेम निम्मी. तिथे चीता हेलिकॉप्टर रॉकेलचे एखाद-दोन जेरीकॅन घेऊन चढतं आणि चौकीवर इंजिन बंद करत नाही, कारण पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. हेलिकॉप्टरच्या पायाच्या पट्ट्या बर्फाला टेकवायच्या, सामान उतरवायचं, निघायचं. जवान म्हणायचे, “साहेब, तुम्ही दिसायच्या आधी तुमचा आवाज येतो.” मला हसू यायचं. त्यांना कारण कधी सांगितलं नाही. सरांना मात्र लिहिलं, आणि त्यांनी उत्तरात दरीतल्या प्रतिध्वनीवर दोन पानं खरडली. ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झालो, तोवर ही पत्रं थांबली होती. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी ईशान्येत होतो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही.

2025 च्या 26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 चा निरोप झाला, 62 वर्षांच्या सेवेनंतर. पुण्याच्या घरात टीव्हीवर पाहत होतो. सवयीनं डोळे मिटले. पण टीव्हीवर आवाज आणि विमान एकदमच येतात. शून्य अंश! सर असते तर म्हणाले असते, विमान उभं आहे.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. मैदानाच्या निम्म्या भागावर नवी इमारत आहे. छान आहे, संगणक आहेत. ओझरहून आता सुखोई उडतात, 2025 च्या ऑक्टोबरात तिथे बनलेलं पहिलं तेजस लढाऊ विमानही उडालं. पण मुलं खिडकीकडे वळताना दिसली नाहीत. खिडक्यांना जाड काचा आहेत आणि त्या बंद असतात.

मुख्याध्यापकांना एक विनंती. जुन्या प्रयोगशाळेतलं सामान मोडीत काढणार असाल तर आधी मला फोन करा. मधल्या भोकाभोवती दोरा घासल्याची खाच असलेला लाकडी कोनमापक त्यात असू शकेल. कुलूप सापडणार नाही. ते सर रोज संध्याकाळी सोडून परत दाराला लावत.