नट्टू काका

आज फोंड्याला आईकडे गेले होते. दुपारी ती नारळ खवत बसलेली, टीव्हीवर 'तारक मेहता'चा जुना भाग. नट्टू काका पडद्यावर आले आणि आईचा हात थांबला. "हे गेले ना गं?"

हो. घनश्याम नायक ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्याच भूमिकेत किरण भट्ट आले. डॉक्टर हाथी झालेले कवी कुमार आझाद २०१८ मध्ये गेले, तिथेही दुसरा नट. रोजच्या मालिकेवर कितीतरी जणांची चूल पेटते, हे कळतं मला. तरी पात्र हसतंय आणि माणूस नाही, हे पोटात कालवतंच.

१९८२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट'मधले दुकानदार मिस्टर हूपर, म्हणजे विल ली, वारले. तिथे त्यांच्या जागी कुणाला उभं केलं नाही. पुढच्या वर्षीच्या एका भागात बिग बर्ड, त्यातलं मोठ्या पिवळ्या पक्ष्याचं पात्र, त्यांच्यासाठी काढलेलं चित्र घेऊन येतो, आणि मोठी माणसं त्याला सरळ सांगतात, ते आता परत येणार नाहीत. मुलांच्या कार्यक्रमात! केवढं धैर्य ते.

आणि आपल्या गोव्याच्या अभिनेत्री आशालताबाई. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याकडे मालिकेचं चित्रीकरण करताना त्यांना कोरोनाने गाठलं, परत आल्याच नाहीत. त्यांचं नाव निघताच आईने खवणं सोडलं आणि 'मत्स्यगंधा' नाटकातलं त्यांचं पद गुणगुणू लागली. पुढची ओळ तिला आठवेना. आम्ही दोघींनी मिळून ती जुळवली.