वाळूचा घडा
बेळगावहून सौंदत्तीला जाताना बसमध्येच मैत्रिणीच्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून संपवलं. आख्यायिका रेणुकेचीच, म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माची, पण सगळी फँटसीत घातलेली. मलप्रभेकाठच्या वाळूचा घडा, नागाची चुंबळ, गंधर्व दिसताच ढळलेलं मन, विरघळलेला घडा. आपल्याकडं हे पोरासोरांनाही पाठ. हिनं मात्र घड्याला पातिव्रत्याचं प्रतीक केलंच नाही. तो रेणुकेच्या स्वतःच्या विद्येचा घडा. आणि नाग? सगळं पाहून शिक्षेशिवाय सटकलेला साक्षीदार! हे फार आवडलं. परशुरामाची कुऱ्हाड तेवढी भडक झालीय, पानापानावर चमकते.

डोंगरावर जोगतिणीच्या डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, दिसला. लगेच फोन लावला, "हे कादंबरीत का नाही?"

"दुसऱ्या भागाला ठेवलंय की गं!"